टार्गेटचा पगार आणि इजाऱ्याची मामलत

मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हला (एमआर), म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीची औषधे खपवणाऱ्या प्रतिनिधीला, पैसे किती मिळतात, हा विषय निघाला की पाच मिनिटांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, इथे कमाईला छत नाही. विकेल त्याला मिळेल, आमच्या ओळखीच्या एकाने तिमाहीला महिन्याच्या पगाराइतका इन्सेंटिव्ह उचलला. दुसरा म्हणतो, ही निव्वळ पिळवणूक आहे. बीएस्सी झालेला पोरगा उन्हातान्हात मोटारसायकल हाणतो आणि महिनाअखेर हातात वीस हजारही उरत नाहीत. दोघांचीही उदाहरणे खरी असतात, म्हणून तर वाद पुढे सरकत नाही. दोघेही एकच आकडा शोधत असतात: सरासरी किती? दुसऱ्याकडून औषधे बनवून घेऊन आपल्या नावाने विकणाऱ्या छोट्या ‘प्रोपगंडा’ कंपनीत सुरुवात साधारण १५ ते १८ हजारांवर होते, मोठ्या भारतीय कंपनीत २५ हजारांच्या अलीकडे-पलीकडे आणि निवडक बहुराष्ट्रीय कंपन्यांत ३५-४० हजारांच्या घरात. या तिन्ही कंपन्यांची माणसे एकाच डॉक्टरच्या दवाखान्याबाहेर, एकाच बाकावर, तशीच बॅग मांडीवर घेऊन बसलेली असतात. त्यांची सरासरी काढून हाती काय लागणार?

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. प्रतिनिधीची कमाई त्याच्या बोलण्यातल्या जादूपेक्षा त्याला मिळालेल्या औषधांवर, हेडक्वार्टरवर (म्हणजे नेमून दिलेल्या गावावर आणि भागावर), टार्गेट कसे वाटले गेले यावर आणि पगारपत्रकाच्या मांडणीवर ठरते. यातले काहीच त्याच्या हातात नसते. त्यामुळे कमाईचा मोठा हिस्सा टार्गेटला बांधला की मोजली जाते ती बाजाराची हवा, आणि दंड भरतो तो सर्वांत खालचा माणूस. स्थिर पगार मोठा असावा आणि इन्सेंटिव्ह एकूण कमाईच्या दहा-पंधरा टक्क्यांपुढे जाऊ नये, असे मला वाटते. हे मत कंपन्यांना आवडणार नाही हे उघड आहे. गंमत म्हणजे फील्डवर जोरात असलेल्या बऱ्याच प्रतिनिधींनाही ते आवडत नाही; त्यांच्याकडे पुढे येईनच.

आधी औषधांचे पाहू. १० मार्च २०१६ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ३४४ एफडीसींवर, म्हणजे दोन किंवा अधिक औषधे एकाच गोळीत वा सिरपमध्ये घालून केलेल्या मिश्रणांवर, बंदी घातली. त्यात खोकल्याची कितीतरी रुळलेली औषधे होती. डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथून तज्ज्ञ मंडळाकडे, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. ज्याच्या बॅगेत असे एक मिश्रण आघाडीवर होते, त्याने त्या मार्चमध्ये काय वेगळे केले असते म्हणजे तिमाही वाचली असती? मधुमेहाच्या एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले आणि काही आठवड्यांत बाजारात स्वस्त ब्रँडांची रांग लागली. पंधरा दिवसांपूर्वी ज्या डॉक्टरकडे एकट्याचा शब्द चालत होता, त्याच डॉक्टरच्या टेबलावर आता दहा जणांची पत्रके. मग त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. निर्णय जाहीर झाला ३ सप्टेंबरला. मधल्या तीन आठवड्यांत कोणता शहाणा स्टॉकिस्ट, म्हणजे घाऊक विक्रेता, जास्तीचा माल भरून ठेवील? आणि सप्टेंबर हा तर तिमाही क्लोजिंगचा महिना.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण वारा कधी पाठीमागूनही येतो. औषध दरनियंत्रण आदेश २०१३ नुसार अनुसूचीबाहेरच्या, म्हणजे सरकारने कमाल किंमत न ठरवलेल्या, औषधांची किंमत कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. अनुसूचीतल्या औषधांच्या कमाल किमती घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे हलतात. एप्रिल २०२२ मध्ये त्या १०.७७ टक्के आणि एप्रिल २०२३ मध्ये १२.१२ टक्के वाढवण्याची मुभा मिळाली. म्हणजे एकही जास्तीची स्ट्रिप न विकता एखाद्याची विक्री रुपयांत दहा-बारा टक्के वाढलेली दिसू शकते. तो स्टेजवर जाऊन ट्रॉफी घेतो. ज्याच्या औषधाची किंमत नव्याने दरनियंत्रणात येऊन खाली आली, तो तितकेच खोके विकून ‘अंडरपरफॉर्मर’ ठरतो. टार्गेट रुपयांत दिले की हा घोळ अटळ आहे. तरी बहुतेक ठिकाणी ते रुपयांतच दिले जाते, कारण कंपनीचा ताळेबंद रुपयांत असतो.

हेडक्वार्टरचे दुखणे याहून मजेशीर आहे. मिरज घ्या. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उघडल्यापासून हे गाव दवाखान्यांचे. जत, अथणी, विजापूर, बेळगाव अशा लांबलांबच्या भागांतून रुग्ण तिथे येतात. मिरजेचा प्रतिनिधी हृदयरोगतज्ज्ञाला महिन्यातून दोनदा भेटतो, औषध लिहून घेतो. रुग्ण पहिल्या पंधरा दिवसांच्या गोळ्या मिरजेत घेतो आणि पुढची दहा वर्षे अथणीच्या दुकानातून. ती विक्री कर्नाटकातल्या हेडक्वार्टरच्या खात्यात पडते. तिथल्या प्रतिनिधीने त्या डॉक्टरचे तोंडही पाहिलेले नसते. आता त्यात ऑनलाइन फार्मसीची भर पडली आहे: चिठ्ठी नाशिकची, बिल भिवंडीच्या गोदामाचे. मोठ्या रुग्णालय-साखळ्यांची खरेदी मुख्य कार्यालयातून एकगठ्ठा होते, तिचे श्रेय कुणाला द्यायचे यावर तर विभागीय व्यवस्थापकांतच जुंपते. ज्या मोजपट्टीची सुरुवात आणि शेवट दोन वेगवेगळ्या राज्यांत आहे, तिने एका माणसाची उंची कशी मोजायची?

आणि टार्गेट येते कुठून? बहुतेकांची समजूत अशी की कुणीतरी त्या गावातले डॉक्टर, रुग्णसंख्या, स्पर्धक ब्रँड पाहून आकडा काढत असावे. क्वचित तसे होतेही. एरवी वर्षाच्या सुरुवातीला मुंबईत ठरते की यंदा डिव्हिजनची वाढ १४ टक्के हवी. झोनला १५ टक्के जातात, कारण झोनल मॅनेजरला थोडी गादी हवी असते. रीजनला १६, एरियाला १७. शेवटी हेडक्वार्टरवर जो आकडा उतरतो त्यात वरच्या प्रत्येकाच्या भीतीची भर असते. शेजारचे हेडक्वार्टर रिकामे पडले, माणूस सोडून गेला आणि भरती रखडली, तर त्याचेही टार्गेट आजूबाजूच्या दोघा-तिघांत वाटले जाते. ज्याने गेल्या वर्षी १२० टक्के केले त्याचा पाया यंदा १२० वर बसतो, त्यावर पुन्हा १५ टक्के. सोव्हिएत कारखान्यांतल्या व्यवस्थापकांना हे गणित पक्के ठाऊक होते. योजनेपेक्षा फार पुढे गेलो तर पुढच्या वर्षीचा आकडा फुगेल म्हणून ते १०१-१०२ टक्क्यांवर हात आखडता घेत. आपल्याकडचा अनुभवी एमआर याला ‘माल थांबवणे’ म्हणतो. मार्चमध्ये टार्गेट झाले की उरलेली ऑर्डर एप्रिलच्या खात्यात.

या व्यवस्थेत खरी गडबड कुठे होते ते एका साध्या गणितातून दिसेल. समजा तिमाहीचे टार्गेट १२ लाख आहे आणि स्कीम अशी की १०० टक्के झाले तर १५,००० रुपये, त्याखाली शून्य. शेवटच्या दिवशी प्रतिनिधी ११ लाख ९० हजारांवर उभा आहे. उरलेल्या १०,००० रुपयांच्या मालाची किंमत त्याच्यासाठी १५,००० आहे. तो माल त्याने स्वतःच्या खिशातून घेऊन गटारात ओतला तरी तो पाच हजारांनी वर येतो! अर्थात गटारात कुणी ओतत नाही. स्टॉकिस्टच्या गळ्यात मारतो. कंपनीच्या डेपोतून स्टॉकिस्टकडे गेलेला माल ही प्रायमरी विक्री. स्टॉकिस्टकडून दुकानात आणि रुग्णालयात गेलेला माल ही सेकंडरी. इन्सेंटिव्ह प्रायमरीवर असला की तीस तारखेला रात्री दहापर्यंत फोन चालू राहतात: “दादा, एवढी चार केस घ्या, पुढच्या महिन्यात मी उचलवतो.” स्टॉकिस्ट संबंधाखातर घेतो. पुढच्या महिन्यात क्लोजिंग स्टॉक ४५ दिवसांचा दिसतो, मग ६० दिवसांचा. नवी ऑर्डर थांबते, उधारी लांबते, सहा-आठ महिन्यांनी एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपलेली औषधे, परत येते आणि ती विक्रीतून वजा होते. तोवर ज्याने माल डंप केला तो दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो, आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या पोराचे पहिलेच वर्ष उणे आकड्याने उघडते. औषध वाईट नव्हते, डॉक्टर नाराज नव्हते, नवा मुलगा आळशी नव्हता. चूक स्लॅबच्या कड्याची होती.

मुंबईच्या गिरण्यांत विणकर उक्त्यावर, कापडाच्या मापाने, पैसे मिळवत. सूत खराब आले की धागा तुटणार, माग थांबणार, कापड कमी निघणार. सुताची खरेदी मात्र मालकाची. त्यात बिघडलेले कापड विणकराच्याच गळ्यात घालून त्याची किंमत मजुरीतून कापण्याची रीत होती. १९२८ चा सहा महिन्यांचा संप आणि त्यानंतरची फॉसेट समिती यांच्यापुढे जे वाद होते, त्यात हा एक होता. एक्स्पायरीची रक्कम इन्सेंटिव्हमधून वळती करून घेणारे आजचे परिपत्रक वाचताना ते बिघडलेले कापड आठवते.

पण मला जास्त जवळची वाटते ती आणखी मागची गोष्ट. थोरल्या माधवरावांच्या काळी आणि पुढे नाना फडणवीसांच्या देखरेखीखाली परगण्यांवर वसूल पाहणारे कमावीसदार असत, त्यांच्या तैनातीचा, म्हणजे पगाराचा, आकडा ठरलेला असे आणि त्यांच्यावर नजर ठेवायला दरखदार. दुसऱ्या बाजीरावाने मामलती, म्हणजे परगण्यांचा कारभार, इजाऱ्याने (मक्त्याने) द्यायचा सपाटा लावला: जो जास्त रक्कम कबूल करील त्याला परगणा. पेशवाईनंतर दख्खनचा कारभार पाहणाऱ्या एलफिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या लिलावाचे जे वर्णन केले आहे, ते आज एखाद्या सेल्स मीटिंगचे वाटेल. मामलतदाराने वर आकडा कबूल केला. तो पूर्ण झाला नाही तर दुसरा बोली लावणारा तयार आहे. मामलत पुढच्या वर्षी आपल्याकडे राहील याची खात्री नाही. मग तो काय करणार? विहीर खणायला तगाई देईल, की मिळेल तेवढे पिळून मोकळा होईल? पाऊस त्याच्या हातात नव्हता, रयतेची ऐपत त्याच्या हातात नव्हती, फक्त जोर लावणे त्याच्या हातात होते. कमावीसदार संत होते असे कुणी म्हणत नाही; त्यांचेही हात ओले होत. पण ठरावीक तैनात असलेल्याला पुढच्या हंगामाचा विचार परवडत होता. इजारदाराला तो परवडत नव्हता.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. ते हलके नाहीत.

पहिला मुद्दा देखरेखीचा. कारखान्यात मुकादम समोर असतो. प्रतिनिधी सकाळी नऊला घरातून निघतो आणि रात्री दहाला परततो, मधले कुणी पाहत नाही. दहा-बारा डॉक्टर, सहा-सात केमिस्ट असे रोजचे कॉल, म्हणजे भेटी, त्याने खरेच केले की चहाच्या टपरीवर बसून रिपोर्ट भरला, हे कसे कळणार? म्हणून परिणामावर पैसे द्या. अमेरिकेत नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीच्या जॉन पॅटर्सनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठरावीक प्रदेश आणि विक्रीचा कोटा ही जोडी रूढ केली, त्यामागे हेच तर्कशास्त्र होते आणि त्या काळात ते बरोबरही होते. दुसरा मुद्दा, मेहनतीने फरक पडतो. एकाच नाशिकमध्ये, एकाच बॅगेवर, दोन माणसांच्या विक्रीत दीडपट फरक दिसतो. दोघांना सारखा पगार दिला तर चांगला सोडून जाईल. तिसरा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो: परभणी-हिंगोलीकडच्या, इंग्रजी बेताचे असलेल्या, साध्या पदवीधराला चार वर्षांत एरिया मॅनेजर होता येईल असे क्षेत्र दुसरे कोणते आहे? त्याची पदवी कुणी विचारत नाही, आकडा विचारतात. हा दरवाजा बंद करायचा का?

चौथा मुद्दा अनुभवाचा. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीने हा प्रयोग करून पाहिला आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत विक्रीच्या गैरप्रकारांवरून ३ अब्ज डॉलरची तडजोड भरल्यानंतर, डिसेंबर २०१३ मध्ये तिने जाहीर केले की जगभर आमच्या प्रतिनिधींना वैयक्तिक विक्रीची लक्ष्ये राहणार नाहीत. आणि २०१९ मध्ये काही देशांत, विशेष उपचारांच्या औषधांपुरते, विक्रीशी बांधलेले बोनस तिने परत आणले, कारण अनुभवी माणसे मिळवणे आणि टिकवणे अवघड जात होते. माझ्या बाजूच्या लोकांना ही गोष्ट सांगायला आवडत नाही. सांगायलाच हवी.

पण ती नीट वाचायला हवी. एका कंपनीने स्थिर पगार दिला आणि बाकी सगळ्यांनी घबाड दाखवले, तर ज्याचे हेडक्वार्टर जोरात आहे तो घबाडाकडे जाणारच. इजाऱ्याच्या राज्यात एकच परगणा कमावीशीवर ठेवला तर चांगला कारकून शेजारी पळेल. त्यावरून कमावीस वाईट ठरत नाही. उद्योगभर एक मर्यादा असेल तर पळायला जागा कुठे उरते? शिवाय ज्यांना टार्गेटची पद्धत मनापासून आवडते त्यांच्याकडे पाहा. ते खोटे बोलत नसतात. ते सध्या वाऱ्याच्या बाजूने आहेत, एवढेच. पेटंट संपण्याआधीच्या मधुमेहवाल्या गटातला माणूस ‘विकेल त्याला मिळेल’ म्हणतो आणि पेटंट संपल्यावर त्याच तोंडाने ‘मॅनेजमेंटने वाट लावली’ म्हणतो. दोन्ही वेळी तो तितकेच कॉल करत असतो.

देखरेखीचा मुद्दा तर आता शिळा झाला आहे. पॅटर्सनच्या विक्रेत्याच्या खिशात फोन नव्हता. आजच्या प्रतिनिधीचे रिपोर्टिंग ॲप दवाखान्यापासून ठरावीक अंतरात आल्याशिवाय कॉल नोंदवू देत नाही. वेळ, ठिकाण, कोणत्या ब्रँडचे कोणते पान किती सेकंद दाखवले, सगळे वर दिसते. ‘आम्ही पाहू शकत नाही म्हणून परिणामावर पैसे देतो’ असे म्हणायचे आणि दर दोन तासांनी लोकेशनही पाहायचे, ही दोन्ही माणसे एकाच घरात कशी राहतात? देखरेख करायची असेल तर तिचा मोबदला म्हणून स्थिर पगार द्या. निकालावर पैसे द्यायचे असतील तर माणसाला त्याच्या मर्जीने फिरू द्या. सध्या कंपनी दोन्ही घेते आणि एकाचेच पैसे देते.

मेहनतीचा फरक मान्य. दहा-पंधरा टक्क्यांचा इन्सेंटिव्ह त्यासाठीच ठेवायचा आहे. प्रश्न जोखमीचा आहे. कंपनीकडे शंभरेक हेडक्वार्टरे असतात, तीस-चाळीस ब्रँड असतात. एका मिश्रणावर बंदी आली तर दुसरे चालते, विदर्भात मंदी असली तर कोकणात तेजी. प्रतिनिधीकडे एक हेडक्वार्टर आणि पाच-सहा ब्रँड. ज्याच्याकडे जोखीम वाटून टाकायला जागा आहे त्याने ती घ्यावी, विम्याचा सगळा धंदा या एका विचारावर उभा आहे. ऊसतोड मजुराला टनावर पैसे मिळतात. फड लांब असला, चिखल झाला, ट्रॅक्टर आला नाही तर टन घटतात आणि उचल मात्र फेडायची असते. त्याला आपण जोखमीचा व्यापारी म्हणत नाही. मग तेच गणित टाय घातलेल्या माणसाला लावले की त्याला ‘उद्योजकता’ का म्हणतो? आणि परभणीच्या त्या पोराबद्दल: बढती आकड्यावर जरूर द्या, पण तीन वर्षांच्या सरासरीवर आणि हेडक्वार्टरचा गुण-दोष वजा करून. दरमहाच्या घरभाड्याचा त्यात संबंध नको.

हा दोन पक्षांमधला खाजगी करार आहे, त्यात लोकांनी का पडावे, असेही विचारले जाते. पडावे, कारण इथे जो पैसे देतो तो वस्तू निवडत नाही. कॅश रजिस्टर घेणारा दुकानदार स्वतः पाहून घेत होता. औषध डॉक्टर निवडतो, पैसे रुग्ण देतो. टार्गेटचा दाब वरून निघाला की प्रतिनिधी, स्टॉकिस्ट, डॉक्टर असा उतरत शेवटी ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही त्याच्यापाशी थांबतो. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत खाती उघडण्याचे टार्गेट इतके ताणले गेले की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, सुमारे ५,३०० कर्मचारी काढले गेले, आणि मग कुठे बँकेने विक्रीची लक्ष्ये रद्द केली. बँकेच्या खोट्या खात्याने फार तर शुल्क कापले जाते. अनावश्यक अँटिबायोटिकने काय होते ते वेगळे सांगायला नको. डॉक्टरांना भेटवस्तू आणि सहली देण्याला मनाई करणारी औषध विपणनाची नवी संहिता मार्च २०२४ मध्ये आली. त्याआधी अशा संहितेला कायद्याचे बळ द्या, अशी मागणी घेऊन सर्वोच्च न्यायालयात कोण गेले होते? वैद्यकीय प्रतिनिधींचा अखिल भारतीय महासंघच. ज्यांच्या हातून ते पाकीट जाते त्यांनीच पाकीट बंद करायला सांगितले, कारण पाकीट असले की टार्गेट त्या हिशेबाने फुगते.

पगारपत्रकाच्या मांडणीवर मात्र कुणी बोलत नाही, आणि दीर्घकाळात सर्वाधिक पैसा तिथेच जातो. एकूण ३० हजारांचा पगार दोन तऱ्हांनी लिहिता येतो: मूळ वेतन १० हजार आणि बाकी भत्ते, किंवा मूळ वेतन २० हजार. दहा वर्षांनी ग्रॅच्युइटी काढा, शेवटच्या मूळ वेतनाचा १५/२६ गुणिले सेवेची वर्षे. पहिल्याला ५७,६९२ रुपये मिळतात, दुसऱ्याला १,१५,३८५. दोघांनी सारखेच काम केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी यावर उपाय केला आहे: भत्ते, कमिशन वगैरे वगळलेल्या बाबी एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनातच धरायचा. कंपन्यांचे हिशेबनीस आता नवी वाट शोधत असतील.

प्रवासखर्चाचेही असेच. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि गाडीचे ॲव्हरेज ४५ धरले तर किलोमीटरला २ रुपये ३१ पैसे नुसते इंधन. ८० हजारांची गाडी लाख किलोमीटर चालवून १० हजारांना विकली तर झीज ७० पैसे. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग, विमा मिळून ६० पैसे धरा. झाले ३ रुपये ६१ पैसे. कंपनी ३ रुपये देत असेल तर महिन्याच्या १,८०० किलोमीटरला प्रतिनिधी १,०९८ रुपये पदरचे घालतो. आणि हे फक्त मंजूर अंतराचे. फेअर चार्टमध्ये, म्हणजे कंपनीच्या प्रवासखर्चाच्या तक्त्यात, गाव ते गाव अंतर असते. हेडक्वार्टरच्या गावात दिवसभर दवाखाने फिरताना होणारे पंचवीस-तीस किलोमीटर अनेक ठिकाणी धरलेच जात नाहीत. ‘किती मिळतात’ विचारणाऱ्याने ‘किती घालावे लागतात’ हेही विचारायला हवे, नाही का?

कायद्याने या माणसाला कामगार मानायलाच फार वेळ घेतला. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मे अँड बेकर या औषध कंपनीच्या प्रकरणात म्हटले की याचे काम मुख्यतः विक्री मिळवण्याचे, म्हणून तो औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगार नाही. १९७६ मध्ये विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांचा स्वतंत्र कायदा आला, पण कमिशन सोडून महिना ७५० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी. मे १९८७ मध्ये ती मर्यादा उठली, आणि १९९४ च्या अद्यंथाया निकालाने स्पष्ट झाले की या माणसाला संरक्षण मिळते ते केवळ या स्वतंत्र कायद्यामुळे. नव्या संहितेने ‘कामगार’ या व्याख्येतच विक्री संवर्धन कर्मचारी घेतला आहे. म्हणूनच की काय, हल्ली नेमणूकपत्रावर ‘टेरिटरी मॅनेजर’ लिहिण्याची हौस वाढली आहे. ज्याच्या हाताखाली एक माणूस नाही, ज्याला दोनशे रुपयांचे बिल मंजूर करता येत नाही, तो मॅनेजर कसला? न्यायालये हुद्दा न पाहता काम पाहतात. पण न्यायालयापर्यंत जायला वेळ आणि पैसा लागतो, आणि ‘टार्गेट न केल्यामुळे राजीनामा द्या’ असे सांगणारा फोन दोन मिनिटांत संपतो.

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. इन्सेंटिव्ह सेकंडरी विक्रीवर आणि खोक्यांच्या संख्येवर मोजा, किमतीवर नको. कडा काढून टाका: ९० टक्क्यांना काहीतरी, मग प्रत्येक टक्क्याला थोडे थोडे, म्हणजे शेवटच्या दहा हजारांच्या मालाला सोन्याचा भाव येणार नाही. बंदी, दरकपात, करबदल, रिकामे हेडक्वार्टर यांची वजावट स्कीमच्या कागदावरच लिहा. टार्गेट कसे काढले त्याची एक पानाची आकडेमोड वर्षाच्या सुरुवातीला हातात द्या. यात एक अडचण मी नाकारत नाही: सेकंडरीचे आकडे स्टॉकिस्टच्या स्टेटमेंटवरून येतात आणि स्टेटमेंटही ओळखीने ‘बसवून’ मिळते. कॉलची संख्या मोजली तर खोटे कॉल येतात. जो आकडा मोजाल तो वाकवला जाईल. त्यावर पगाराचा जितका मोठा भाग टांगाल तितका जास्त वाकेल. इन्सेंटिव्ह लहान ठेवायचे माझे मुख्य कारण हेच आहे.

आणि नव्याने रुजू होणाऱ्याने मुलाखतीत ‘पॅकेज किती’ यावर थांबू नये. मूळ वेतन किती? स्कीम प्रायमरीवर की सेकंडरीवर? आधीच्या माणसाने का सोडले आणि स्टॉकिस्टकडे आज किती दिवसांचा माल पडून आहे? मागच्या वर्षीची एक्स्पायरी कुणाच्या खात्यात जाणार? किलोमीटरचा दर काय, गावातल्या फिरण्याचे काय? आणि बारीक अक्षरातली ती ओळ जरूर वाचावी: ‘इन्सेंटिव्ह वाटपाच्या तारखेला कंपनीच्या रोलवर असणाऱ्यांनाच देय.’ जानेवारी ते मार्चचे काम, वाटप जूनच्या पगारात. मेमध्ये सोडलेल्या माणसाच्या फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे शेवटच्या हिशेबात, ती रक्कम नसते.